दोघादोघांच्या जोड्या

"अठरा दिवस," कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि हजेरीपट माझ्याकडे वळवला. "हे बघा. पहिला आठवडा आहे. त्यानंतर एकदाही नाही."

रोल नंबर सत्तेचाळीस. केसरकर चैत्राली सदानंद. सुरुवातीचे सहा चौकोन निळ्या शाईत भरलेले, आणि पुढे ओळीने लाल फुल्या.

"पण ती इथंच आहे," मी म्हणालो. "वसतिगृहात. रोज संध्याकाळी घरी फोन करते."

"वसतिगृहात असेल. वर्गात नाही." बाईंचा आवाज रागाचा नव्हता. "अशानं टर्म भरणार नाही तिची. प्राचार्य मॅडमनी साडेबाराला बोलावलंय, तुम्हाला आणि तिला. तेवढ्यात शोधून आणा मुलीला."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा आम्ही आजऱ्याजवळच्या एका गावात राहत होतो, आजही तिथंच आहोत. माझी काजूच्या कलमांची रोपवाटिका, आणि माझी बायको सुलभा गावच्या उपकेंद्रात आरोग्य सेविका. चैत्राली आमची एकुलती एक. पाचवीच्या मध्यावर मी तिला शाळेतून काढलं आणि पुढची आठ वर्षं घरीच शिकवलं. दहावी-बारावी तिनं मुक्त विद्यालयातून बाहेरून दिली, दोन्ही वेळा उत्तम गुण घेतले, आणि त्या जूनमध्ये ती कोल्हापूरला बी.एस्सी.ला आली.

रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. "बाबा, आज नेच्यांवरचं एक जुनं पुस्तक सापडलं लायब्ररीत." "बाबा, दोनशे माणसांच्या भाकरीचं पीठ कसं मळतात माहितीये?" मी फोन ठेवून सुलभाला म्हणायचो, "बघ, पोरगी कुठंही शिकते." सुलभा एकदा म्हणाली होती, "मैत्रिणीचं नाव एकही घेतलं नाही हो तिनं अजून." मी म्हणालो, "होतील की. घाई काय आहे?"

वसतिगृहाच्या दारातल्या पहारेकरी बाईंनी नाव ऐकताच मागच्या बाजूला बोट केलं. "मेसमध्ये बघा. तिथंच असते ती."

मेसच्या स्वयंपाकघरात तीन बायका भाज्या चिरत बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध पाटावर माझी मुलगी लसूण सोलत होती. डोशाचं पीठ आंबतं म्हणजे आत नक्की काय होतं, ते सांगत होती. हातवारे करून, अगदी माझ्यासारखं. एक बाई म्हणाली, "म्हंजे जित्तं असतंय व्हय ते?" आणि सगळ्या हसल्या. चैत्रालीही हसली. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं.

लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच राहिली.

"तुम्ही वडील व्हय?" त्यांच्यातली थोराड बाई पदराला हात पुसत उठली. त्या शेवंतामावशी. "लई गुणाची पोर हाय बगा. पर गुरुजी, या वयाच्या पोरीनं आमा म्हाताऱ्यांत का बसावं, ते काय मला कळंना. दोनदा हाकलली मी तिला. पुस्तक घिऊन बसती आन् परत येती."

मी गुरुजी आहे हे त्यांना चैत्रालीनं सांगितलं असणार. खरं तर शाळेतली नोकरी सोडून मला आठ वर्षं झाली होती.

आम्ही दोघं मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. साडेबाराला अजून पाऊण तास होता.

"सामान बांध," मी म्हणालो. "प्राचार्यांना भेटू आणि तीनच्या गाडीनं घरी जाऊ."

"रागावलात?"

"नाही."

आणि ते खरं होतं. सकाळी बसमध्ये मला धास्ती वाटत होती. पण त्या लाल फुल्या पाहिल्यापासून आत कुठंतरी हलकं वाटायला लागलं होतं. ते मला तेव्हा उमजलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला उमजलं होतं.

"मुक्त विद्यापीठातून पदवी कर," मी म्हणालो. "पुस्तकं मी आणतो. प्रयोगांचं बघू काहीतरी. इथं तुला शिकवण्यासारखं कुणाजवळ काही नाहीच."

"इथले सर चांगलं शिकवतात बाबा."

"मग वर्गात का नाही गेलीस?"

तिनं पायरीवरची वाळकी काडी उचलली आणि तिचे तुकडे करायला लागली.

"पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं नाव आणि शाळेचं नाव सांगायचं होतं. मी म्हणाले, मी घरी शिकले. मागून कुणीतरी म्हणालं, म्हणजे अंगठा का? सगळे हसले. मीपण हसले. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच. मग तिसऱ्या दिवशी सरांनी प्रश्न विचारला. मला येत होतं, म्हणून मी उठले आणि फळ्याकडे गेले."

"फळ्याकडे?"

"आपण घरी तसंच करतो ना? येतंय त्यानं काढून दाखवायचं. मी खडू उचलला तर सर म्हणाले, बस खाली, मी अजून आहे इथं. मग मला सगळे 'मॅडम' म्हणायला लागले. तेही चाललं असतं."

"मग?"

"सहाव्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. सर म्हणाले, दोघादोघांच्या जोड्या करा. मी पुस्तकातली आकृती बघत होते. वर बघितलं तर झाल्या होत्या सगळ्यांच्या. एवढा वेळ लागला फक्त." तिनं चुटकी वाजवली. "एकसष्ट जण आहोत आम्ही. एकसष्टावी मी."

"सरांना सांगायचं."

"सांगितलं. म्हणाले, जा कुणाजवळ तरी. मी मधे उभी राहिले. कुणाजवळ म्हणजे कुठं, तेच कळेना." काडी संपली होती. तिनं हात झटकले. "मला सरांशी बोलता येतं. शेवंतामावशींशी येतं. आपल्या रोपवाटिकेत येणाऱ्या कुठल्याही माणसाशी येतं, त्यांच्या लहान पोरांशी येतं. पण माझ्याएवढ्या मुलीला, 'मला घेतेस का तुझ्याबरोबर?' असं कसं विचारायचं, ते मला येत नाही. कधी विचारावंच लागलं नाही. तास संपेपर्यंत मी उभी होते बाबा. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग रोज तसंच."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरांना ओळीनं बसवणाऱ्या वर्गांवर माझा जो राग होता तो सगळा वर आला.

"यात तुझी काही चूक नाही चैतू. असल्या कळपांपासूनच तर तुला लांब ठेवलं मी. शाळेतसुद्धा हेच होतं. तू रोज रडत जायचीस—"

"मी रडत जायचे?"

तिनं हे अगदी साध्या आवाजात विचारलं. मी थांबलो.

हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो होतो. चैत्राली बारा वर्षांची असताना तालुक्याच्या एका पत्रकारानं आमच्या घरच्या शाळेवर लिहिलं, आणि तेव्हापासून दर रविवारी कुणी ना कुणी आईवडील यायचे. गडहिंग्लजहून, सावंतवाडीहून, एकदा तर सोलापूरहून. अंगणात खुर्च्या टाकून मी त्यांना सांगायचो की, माझी मुलगी रोज रडत शाळेत जायची, एका बापाला ते बघवलं नाही, आणि एक दिवस मी ठरवलं. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. चैत्राली तिथंच बाजूला कलमांना पट्ट्या बांधत बसलेली असायची. पाहुणे तिला बोलवायचे, ती यायची, त्यांच्या प्रश्नांची छान उत्तरं द्यायची.

"दर रविवारी ऐकून ऐकून मलापण ते खरंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली. "पण या महिन्यात एकटीच बसलेली असायचे ना, तेव्हा आठवत बसायचे, रडायचे म्हणजे कशी, कधी. काही आठवेना. आठवायची ती नूतन. आम्ही दोघी पहिल्या बाकावर बसायचो. तिच्या डब्यात कायम घावन आणि माझ्या डब्यात चपाती. रोज अदलाबदल. रविवार कधी संपतो असं व्हायचं मला."

"चैतू—"

"रडत तुम्ही होतात बाबा. राजीनामा देऊन आलात त्या दुपारी. पाण्याच्या टाकीमागं. मी शाळेतून आले होते तेव्हा. तुम्ही मला पाहिलं नाहीत."

मैदानावर काही मुलं व्हॉलीबॉलची जाळी बांधत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्या दुपारचं कुणाला माहीत नव्हतं. सुलभालाही नाही, असं मी समजत होतो. दहावीच्या सहामाही परीक्षेत मी एका मुलाची कॉपी पकडली. संस्थेच्या चालकांचा तो पुतण्या निघाला. चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मला त्या मुलाच्या काकांची माफी मागायला लावली, आणि मी मागितली. एकोणीस वर्षांची नोकरी होती माझी तिथं. माफी मागून झाल्यावर मी राजीनामा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत गेलो आणि पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीचा दाखला काढून आणला.

"म्हणजे घरातली आठ वर्षं," मी कसाबसा म्हणालो, "वाईट गेली तुझी?"

"नाही हो!" तिनं एकदम माझा हात धरला. "छान गेली. ओढ्यातलं पाणी मोजायला आपण जायचो ते, रोज आकाश बघून लिहायचो त्या आकाशाच्या वह्या, सगळंच. म्हणून तर मी कधी बोलले नाही. पण आता मुक्त विद्यापीठ म्हणजे पुन्हा आपण दोघंच ना? मला नको आहे ते."

"मग काय हवंय?"

"माहीत नाही. पण घरी नको."

साडेबारा वाजायला आले होते. आम्ही उठलो. प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाक होता. शिपायानं आत जायची खूण केली तसा मी शर्ट सारखा केला, मनात पहिलं वाक्य जुळवलं आणि दाराला हात लावला.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा."

"अगं, दोघांना बोलावलंय."

"मी सांगते त्यांना. तुम्ही थांबा."

आठ वर्षांत तिच्या वतीनं कुणाशीही बोललो तो मी. परीक्षा केंद्रावर मी, प्रवेशाच्या खिडकीवर मी. मी बाकावर बसलो. दार अर्धंच लोटलेलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"वडील कुठायत?" प्राचार्य निंबाळकर मॅडमचा आवाज जाडसर आणि घाईचा होता.

"बाहेर आहेत. गैरहजर मी होते, म्हणून मी एकटी आले."

"बरं. बोल."

"अठरा दिवस मी वर्गात आले नाही. आजारी नव्हते. घरी काही अडचणही नव्हती. आत्तापर्यंत वर्गात जे शिकवून झालंय ते मी लायब्ररीत वाचलंय. तुम्ही कुठलाही प्रश्न विचारा."

"विचारत नाही. अभ्यासाचं मला दिसतंय तुझ्या गुणपत्रिकेत. का आली नाहीस ते सांग."

"मला जोडी करता येत नाही."

"काय?"

मग तिनं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, फक्त काडी न मोडता. अंगठा, खडू, एकसष्ट. आवाज एकदाच कापला. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो.

"मग आता माझ्याकडे काय मागतेस?" मॅडम म्हणाल्या. "तुला जोडी लावून देऊ?"

"नको. तुम्ही दिलीत तर ती मुलगी तुमच्यामुळे बसेल माझ्याबरोबर. मला फक्त प्रवेश रद्द करू नका. ही गोष्ट घरी शिकता येत नाही. इथंच येईल ती."

"घरी आठ वर्षं शिकलीस म्हणे. काय शिकवलं वडलांनी?"

मी दाराकडे सरकलो.

"एखादी गोष्ट येत नसली की येत नाही असं सांगायचं, लाजायचं नाही. आणि मग ती येईपर्यंत करत राहायचं." ती थांबली. "या वेळी मी लाजले. त्यात अठरा दिवस गेले."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"हे बघ, त्या अठरा फुल्या तशाच राहतील. त्या मी पुसणार नाही. पण इथून पुढं सत्र संपेपर्यंत एकही सुट्टी घेतली नाहीस, तर टर्म भरते तुझी, मी हिशेब केलाय. ताप आला तरी यायचं. जमेल?"

"हो."

"आज दोनला तुमचं प्रॅक्टिकल आहे ना?"

"हो मॅडम."

"मग जेवून घे. जा."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, ती माझ्याजवळ बसेल. ती म्हणाली, "मी मावशींकडे जेवून येते. तुमची गाडी तीनला ना?" आणि गेली.

गाडी पकडायची तर मला लगेच निघायला हवं होतं. दोन वाजता मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. खिडक्यांना खालून अर्ध्यापर्यंत रंग लावलेला होता. टाचा उंचावल्या की आतलं दिसायचं. पन्नाशीचा माणूस, पायाच्या बोटांवर उभा. जाणारी-येणारी मुलं वळून बघत होती.

सर जाग्यावर काहीतरी लिहीत होते. जोड्या आधीच बसलेल्या. चैत्राली दारातून आत गेली, तसं दोन-तीन टेबलांवर कुजबुज झाली. ती पहिल्या टेबलाशी गेली, काहीतरी बोलली. एका मुलीनं शेजारणीकडे बोट दाखवलं. आम्ही दोघी आहोत. ती पुढच्या टेबलाशी गेली. तिथल्या मुलीनं मान हलवून सरांकडे खूण केली. चैत्राली मागं सरली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिथंच ती त्या दिवशी उभी राहिली असणार.

माझा हात दाराच्या कडीवर गेला. आत जावं, सरांना सांगावं, नाहीतर तिचा हात धरून बाहेर आणावं. त्या एका मिनिटात मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी कडी धरून नुसता उभा राहिलो.

कोपऱ्यातल्या टेबलावर दोघींची काहीतरी झटापट चालली होती. खोडाचा पातळ काप घ्यायचा होता आणि तो पात्याखाली सारखा मोडत होता. चैत्राली तिकडे गेली. ती काय बोलली ते मला बाहेर ऐकू आलं नाही. पुढं तिनंच सांगितलं. ती म्हणाली होती, "मला काप घेता येतो. पण मला जोडी नाही. तुमच्यात घ्याल का मला?"

त्यातल्या लांब वेणीच्या मुलीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पायानं एक स्टूल ओढून तिच्याकडे ढकललं. ती फरीन मुजावर. म्हणाली, "बस. पण पातं बोथट आहे हां, आधीच सांगते."

तीनची गाडी चुकली. पाचच्या गाडीनं मी एकटा घरी आलो. सुलभा दारातच उभी होती. माझ्या मागं कुणी नाही असं बघून तिनं विचारलं, "राहिली?"

"राहिली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. पाणी आणून दिलं, आणि मग म्हणाली, "नूतनची आई भेटली होती परवा. नूतन नर्सिंगला गेली." इतक्या वर्षांत तिनं ते नाव माझ्यासमोर प्रथमच घेतलं होतं. म्हणजे चैतू रडत जात नव्हती हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं; टाकीमागची ती दुपारही सुलभाला माहीत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. 'मॅडम' हे नाव तिन्ही वर्षं टिकलं. एकदा वर्गाची सहल ठरली आणि कुणी तिला सांगितलंच नाही. एकदा फरीनशी कडाक्याचं भांडण झालं, तर भांडण झाल्यावर पुढं काय करायचं असतं ते तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, मैत्री संपली. तिसऱ्या दिवशी फरीनच म्हणाली, "वेडी आहेस का गं?" ताप आला तरी ती वर्गात गेली. टर्म भरली. आज ती दापोलीला संशोधन करते, तिच्या हाताखाली सहा माणसं आहेत, आणि माणसांचं तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या दिवाळीचं.

सुट्टीत चैत्राली फरीनला आणि त्या टेबलावरच्या दुसऱ्या मुलीला, राजश्री चौगुलेला, घरी घेऊन आली. तिघींनी चार दिवस घर डोक्यावर घेतलं. दोरीवर ओले टॉवेल, ओसरीवर चपलांचा ढीग, उगाचच हसणं. माझ्या आकाशाच्या वह्या कपाटात होत्या, त्या कुणी उघडल्या नाहीत. मी रोपवाटिकेत जास्त वेळ काढत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिघी ओसरीवर पत्ते खेळायला बसल्या. मीही सुपारी कातरत तिथंच टेकलो. फरीननं हातातली पानं लावता लावता विचारलं, "काका, एक विचारू? हिला शाळेतून का काढलंत तुम्ही? ही सांगतच नाही."

चैत्रालीनं वर बघितलं नाही. पण ती पानं लावायची थांबली. आत सुलभाच्या भांड्यांचा आवाज थांबला.

माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. इतक्या वर्षांची सवय.

"तिला शाळा आवडायची," मी म्हणालो. "तिची एक मैत्रीण होती तिथं. नूतन नावाची. माझं शाळेतल्या लोकांशी भांडण झालं होतं. मी नोकरी सोडून घरी बसलो, आणि मला शिकवल्याशिवाय राहवेना. घरात दुसरं कुणी नव्हतं शिकवायला."

राजश्री उगाच आपल्या पानांकडे बघत राहिली. चैत्रालीचे डोळे भरले होते, पण ती माझ्याकडे बघत होती, सरळ.

फरीनच शेवटी म्हणाली, "शिकवलंत मात्र झकास, काका. आमच्या सगळ्यांचे काप हीच घेते. पण तुम्ही हिला बदामसात का नाही शिकवलं हो? काहीच येत नव्हतं हिला!"

"येतं की आता," चैतू म्हणाली, आणि डोळे पुसून पानं पिसायला घेतली. "बाबा, बसा. चौघांत मजा येते."